नऊ मीटरची ओळ : तक्ता क्रमांक १२ चे रसग्रहण

मुंबई उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांचं भवितव्य आज एका तक्त्यातल्या पाच ओळींत लिहिलेलं आहे. बृहन्मुंबईच्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’मधल्या नियम ३० खालचा हा तक्ता क्रमांक १२. राज्याच्या नगरविकास विभागाने ८ मे २०१८ रोजी या नियमावलीला मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून ती लागू झाली. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतल्या कितीतरी कुटुंबांनी ‘आपल्याला किती कार्पेट मिळणार’ एवढा एकच प्रश्न घेऊन या तक्त्याकडे पाहिलं आहे. तो प्रश्न खराच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण हा तक्ता सावकाश, ओळीओळीने वाचण्याच्या योग्यतेचा आहे. माणसांनी कुठे आणि किती दाटीने राहायचं, कुणाच्या दारात किती मजले चढवायचे, याबद्दलचा एका शहराचा विचार त्यात मोजक्या आकड्यांत मांडला आहे. पुढे त्यात काही फेरफार झाले. इथे मी त्याचं मूळ मंजूर रूप वाचतो आहे.

उपनगरांसाठीच्या ओळी अशा आहेत. जमिनीचा मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एफएसआय, बहुतेक सर्वांना सारखाच : १. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गोष्ट तिथेच संपते. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा हस्तांतरित बांधकाम-हक्क, विकत घेऊन आणखी ०.५, एकूण २. रस्ता १२ ते १८ मीटर असेल तर टीडीआर ०.७, एकूण २.२. १८ ते २७ मीटरला टीडीआर ०.९, एकूण २.४. आणि २७ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर टीडीआर १, एकूण २.५. यावर ३५ टक्के फंजिबल क्षेत्र, म्हणजे निर्देशांकात न धरलेलं जादा बांधकाम, वेगळं.

या रचनेची चाल ऐकण्यासारखी आहे. प्रीमियमचा रकाना दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत ०.५ वर स्थिर राहतो. चढतो तो फक्त टीडीआर, तोही समजुतीने : ०.५, ०.७, ०.९ आणि शेवटी १. या चार ओळींत सगळा फरक अर्ध्याचा. एखादी सोसायटी १० मीटरच्या रस्त्यावर असो की ३० मीटरच्या, त्यांच्यात फार मोठी दरी पडत नाही. दरी पडते ती पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत. तिथे १ चे एकदम २ होतात. या तक्त्यातलं सगळं नाट्य त्या एका उडीत आहे, आणि ती उडी नवव्या मीटरवर आहे.

हे नाट्य कागदावरून जमिनीवर कसं उतरतं ते एका साध्या हिशेबाने दिसतं. १,००० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यावर तळमजला अधिक तीन मजल्यांची, १ एफएसआय पूर्ण वापरलेली, २४ घरांची जुनी इमारत आहे. उपनगरात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. रस्ता नऊ मीटरचा असेल तर २,००० चौरस मीटर आणि त्यावर फंजिबल धरून २,७०० पर्यंत जाता येतं. जुन्या २४ कुटुंबांना थोडी मोठी घरं द्या, उरलेली विका, त्यातून बांधकामाचा खर्च, रहिवाशांचं भाडं आणि कॉर्पस निघतो. रस्ता साडेआठ मीटरचा असेल तर १,००० चे फंजिबलसह १,३५० होतात. जुन्या सोसायट्यांसाठीच्या नियम ३३(७)(ब) नुसार घरामागे १० चौरस मीटर किंवा मूळ बांधकामाच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. या इमारतीला त्याचे २४० मिळतील. तरीही विकायला उरतं ते इतकं थोडं की बिल्डर फाईल मिटवून ठेवतो. अर्ध्या मीटरच्या फरकाने एका इमारतीला लिफ्ट येते, दुसरीच्या जिन्यातली आजी तिसऱ्या मजल्यावरच अडकून राहते.

सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत ही ओळ मोठ्याने वाचली जाते तेव्हा काय होतं हे पाहण्यासारखं असतं. आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागाराचा (पीएमसी) माणूस नकाशा उलगडतो, रस्त्याच्या कडेला बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘डीपी रिमार्क्समध्ये रस्ता ९.१५ दाखवलाय.’ हॉलमधली कुजबुज थांबते. मागच्या रांगेतले काका उठून विचारतात, ‘म्हणजे टीडीआर लोड होईल ना?’ सचिव मान डोलावतात. कमिटीतल्या बाई लगेच पुढचा प्रश्न टाकतात, ‘रस्ता रुंदीच्या सेटबॅकमध्ये आपली जागा किती जाणार?’ निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, केटरिंग करणाऱ्या वहिनी, सगळ्यांना हा तक्ता तोंडपाठ झालेला असतो. राज्याचा एखादा नियम इतक्या घरांत इतक्या बारकाईने समजून घेतला गेल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हे या रचनेचं पहिलं सामर्थ्य : ती सामान्य माणसाला कळते. रस्ता मोजता येतो, गुणाकार करता येतो, उत्तर पडताळता येतं.

दुसरं सामर्थ्य तिच्या आशयात आहे. रस्त्यालाच माप का मानलं? कारण इमारतीत राहणाऱ्यांचं सगळं जगणं रस्त्यातूनच येतं-जातं. पाण्याची वाहिनी, मलनिस्सारण, पावसाळी गटार, वीज, गॅस, सगळं त्याच पट्ट्याखाली असतं. आग लागली की बंब त्याच रस्त्याने येतो आणि त्याला वळायलाही जागा लागते. शाळेची बस, ॲम्ब्युलन्स, कचऱ्याची गाडी त्याच रस्त्याने येतात. ‘तुमच्या दारचा रस्ता जेवढा भार पेलेल तेवढंच उंच व्हा’ असं हा तक्ता सांगतो. खासगी जमिनीच्या हक्काला सार्वजनिक जागेची मर्यादा घालणारं हे तत्त्व मला मनापासून आवडतं. त्यात न्यायबुद्धी आहे.

या न्यायबुद्धीचं मोल कळण्यासाठी आधीचे पाठ आठवावे लागतात. १९६० च्या दशकात मुंबईत एफएसआयची पद्धत आली. १९९१ च्या नियमावलीने शहरात १.३३ आणि उपनगरांत १ ही मर्यादा घालून दिली, आणि टीडीआर आणला. शहरात रस्त्यासाठी किंवा आरक्षणासाठी दिलेल्या जमिनीचा बांधकाम-हक्क कागदावर उचलायचा आणि उत्तरेकडे उपनगरात नेऊन ठेवायचा, अशी ती योजना होती. उपनगरांनी त्या काळात दक्षिणेचा भार अंगावर घेतला. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती, तर उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. त्याच १९९१ च्या नियमावलीत स्टेशनच्या बाजूच्या पट्ट्यांवर मात्र टीडीआर वापरण्याची बंधनं होती : पश्चिम रेल्वेचे रूळ आणि एस. व्ही. रोड यांच्यामध्ये, रूळ आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे यांच्यामध्ये, मध्य रेल्वेचे रूळ आणि एलबीएस मार्ग यांच्यामध्ये. म्हणजे स्टेशनजवळचा पट्टा आधीच भरलेला आहे, तिथे आणखी माणसं नकोत, ही त्यामागची धारणा. लोकलच्या शहराने लोकलच्या दारातच दाटी रोखायची ठरवली होती. फलाटावरची गर्दी रोज पाहणाऱ्यांना ती भीती खोटी वाटली नसणार.

दुसरा पाठ नेमका उलटा. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ साठीच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. स्टेशनच्या सान्निध्यात दाट वस्ती हवी, हा विचार त्यात ठळकपणे आला. काही मोजक्या स्थानकांच्या परिसरात एफएसआय थेट ८ पर्यंत जाणार होता. मसुद्याच्या नकाशांत चुका मात्र इतक्या होत्या की शहरभर गदारोळ झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू गायब होत्या, जमिनीच्या वापराच्या नोंदी चुकल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितला. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे दुरुस्तीचं काम आलं, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला, आणि २०१८ मध्ये आज आपण वाचतो तो तक्ता मंजूर झाला.

मसुदा मागे घेणं योग्यच होतं. पण चुकांच्या ढिगाऱ्याखाली एक खरा विचारही गाडला गेला असं मला वाटतं. ८ हा आकडा भीतिदायक होता. त्यामागचा प्रश्न भीतिदायक नव्हता. घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर त्या घरातल्या माणसाला रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, स्कूटर घ्यावी लागत नाही, रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीला शेअर रिक्षाची वाट पाहावी लागत नाही. हा फायदा मोजणारा रकाना तक्ता क्रमांक १२ मध्ये नाही. रस्त्याची रुंदी तो विचारतो. रस्ता कुठे जातो हे विचारत नाही.

ही उणीव उपनगराच्या भूगोलात ठेवून पाहिली की तिची खोली कळते. स्टेशनलगतच्या गल्ल्या सर्वांत जुन्या. रेल्वे आली, तिच्या अवतीभवती वस्ती वाढत गेली, आणि ज्यांनी आधी जागा धरली त्यांच्या दारातला रस्ता अरुंद राहिला. रुंद रस्ते पुढे आले, आणि बहुतेक लांबून गेले : दोन्ही द्रुतगती महामार्ग, न्यू लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. त्यामुळे एकच ओळ घाटकोपर स्थानकापासून पाच मिनिटांवरच्या अरुंद गल्लीतल्या इमारतीला १ वर थांबवते, आणि जिथून स्टेशन गाठायला बस किंवा रिक्षा लागतेच अशा महामार्गालगतच्या भूखंडाला २.५ देते. दोघांनाही एकाच लोकलने जायचं आहे. एकाला तिथवर चालत जाता येतं, दुसऱ्याला वाहन लागतं. वाढ मात्र दुसऱ्याच्या दारी.

मुलुंड इथे वेगळं उभं राहतं. १९२२ मध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी मुलुंडची आखणी चौकटीच्या जाळ्यासारखी केली. सरळ रस्ते, काटकोनातले छेद, आणि स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाच वाटा एकत्र येणारा पाच रस्ता. शंभर वर्षांपूर्वी रेल्वे आणि वस्ती यांचं नातं आधी कागदावर आखलं गेलं, मग माणसं आली. म्हणून तक्त्यातल्या जास्त निर्देशांकाच्या ओळी मुलुंडच्या स्टेशन परिसराच्या हाती लागणं सोपं झालं. आधी रस्ता, मग घनता, हे तक्त्याचं तत्त्व कुठे नीट फळतं याचं हे जवळचं उदाहरण.

तक्त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याच्या जन्मानंतर घडली. २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो २अ आणि ७ यांचे पहिले टप्पे सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण झाले. २अ दहिसरहून न्यू लिंक रोडवरून डी. एन. नगरला येते, ७ वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून गुंदवलीला. म्हणजे तक्त्याने ज्या रुंद रस्त्यांना सर्वाधिक वाढ दिली त्याच रस्त्यांच्या डोक्यावर मेट्रो आली. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चं काम चालू आहे. ती घाटकोपर आणि मुलुंडमधून जाईल. तक्त्यात नसलेला स्टेशनचा रकाना असा काही ठिकाणी आपोआप भरला. बोरिवलीत लिंक रोडलगत राहणाऱ्या माणसाला २०१८ मध्ये रिक्षा लागत होती, त्याला आता घराजवळ स्थानक मिळालं. जुन्या लोकल स्थानकांच्या भोवतीच्या गल्ल्यांचं तसं झालं नाही.

मजकुराच्या बाहेर राहिलेल्या दोन गोष्टी वाचकाने भरून घ्यायला हव्यात. पहिली, आकाशाची. अंधेरी आणि घाटकोपर विमानतळाच्या उड्डाणमार्गाखाली येतात. तिथे तक्ता देतो ते सगळं बांधता येतंच असं नाही, कारण उंचीची मर्यादा वेगळ्या यंत्रणेकडून येते. या उड्डाणमार्गाखालच्या पट्ट्यातल्या, म्हणजे ‘फनेल झोन’मधल्या सोसायट्या वर्षानुवर्षं या दोन आकड्यांच्या मध्ये लटकून आहेत. दुसरी, म्हाडाच्या वसाहतींची. घाटकोपरचं पंतनगर आणि अंधेरीचं डी. एन. नगर इथे नियम ३३(५) चालतो, ज्यात निर्देशांक ३ आहे, आणि भूखंड ४,००० चौरस मीटरचा व रस्ता १८ मीटरचा असेल तर ४. डी. एन. नगरच्या दारात मेट्रो स्थानक आहे, तरी नियम विचारतो तो रस्ताच. रस्त्यावरची ही निष्ठा संपूर्ण नियमावलीभर पसरलेली आहे.

रस्त्याची रुंदी म्हणजे नेमकं काय, हेही इथे थांबून पाहू. नियमाच्या दृष्टीने ती नकाशातली मंजूर रुंदी. सकाळी पावणेनऊला अंधेरी पश्चिमेला स्टेशनकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. डाव्या कडेला स्कूटरची रांग, तिच्यापुढे नारळाची गाडी, उजव्या कडेला मीटर टाकून थांबलेल्या रिक्षा, मधे टेम्पोतून भाजीची पोती उतरताहेत. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक कुणीतरी उचकटून ठेवलेत, म्हणून सगळी माणसं रस्त्यावर. शाळेचं दप्तर, डबा, लॅपटॉपची बॅग, छत्री, सगळं एका ओळीत चालतं. कागदावर हा रस्ता रुंद असेल. पायी जाणाऱ्याच्या वाट्याला त्यातला कडेचा एक चिंचोळा पट्टा येतो. आणि स्टेशनवर पोचायला शेवटी पूल चढावाच लागतो. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला, २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. घनतेचा विचार रस्त्यावर थांबला आणि पुलापर्यंत गेला नाही, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

राज्यातच या विषयाचं दुसरं वाचनही उपलब्ध आहे. नागपूर मेट्रोच्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात, आणि पुण्यात मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात, निर्देशांक ४ पर्यंत नेता येतो. पुण्याने रस्त्याची अट सोडलेली नाही. स्थानकाचं अंतर आणि रस्त्याची रुंदी असे दोन्ही रकाने एकत्र ठेवले. स्थानककेंद्री विकासाच्या केंद्राच्या २०१७ च्या धोरणानेही स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर हेच अंतर महत्त्वाचं मानलं, कारण माणूस तेवढं दहा मिनिटांत चालतो.

बाहेरच्या जगात हा वाद कुठे चालला आहे ते पाहिलं तर आपल्या तक्त्याची उंची अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने जानेवारी २०२१ मध्ये कायदा केला. बॉस्टनच्या लोकल सेवेच्या परिसरातल्या १७७ गावांनी आणि शहरांनी, ठरावीक आकाराच्या क्षेत्रात, एकरी किमान १५ घरांच्या बहुकुटुंब इमारतींना हक्काने परवानगी द्यावी, आणि जिथे शक्य तिथे हे क्षेत्र स्थानकापासून अर्ध्या मैलात असावं. मिल्टन या गावाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान करून नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. एकरी १५ घरांसाठी एवढी लढाई. वरच्या हिशेबातली आपली जुनी, लिफ्टही नसलेली २४ घरांची इमारत पाव एकरावर उभी आहे. म्हणजे एकरी जवळजवळ ९७ घरं. शेजारी-शेजारी राहायला उपनगरी मुंबईकराला कुठल्या कायद्याने शिकवावं लागलं नाही. इथल्या राज्यापुढचं काम वेगळं आहे : ही दाटी सुसह्य कशी होईल ते पाहणं. तक्ता क्रमांक १२ ते काम हाती घेतो, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

गाड्यांच्या तळाचा हिशेब मात्र या विचाराला अजून जोडला गेलेला नाही. नियमावली ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडीची जागा मागते, आणि घर मोठं होत जातं तशी ही मागणी वाढते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये मोठ्या स्थानकांपासून अर्ध्या मैलात पार्किंगची सक्तीच काढून टाकली. आपल्याकडे स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या इमारतीचे खालचे चार-पाच मजले गाड्यांसाठी उभे राहतात, त्यांचा खर्च घराच्या किमतीत चढतो आणि शेवटी तिथे राहायला येतात ते गाडी परवडणारे. लोकलवर जगणाऱ्या माणसाला मग विरारच्या किंवा बदलापूरच्या पलीकडे घर शोधावं लागतं. स्टेशनजवळची घनता तेव्हाच सार्थ होते, जेव्हा तिथे लहान घरं राहतात.

म्हणून या तक्त्यात मला एक रकाना वाढलेला हवा आहे : पायी अंतर. ते नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं नको; पुलाचे जिने, सिग्नल, फुटपाथ धरून मोजलेलं हवं. ते कमी असेल तिथे अरुंद गल्लीला पहिल्या ओळीत अडकवून न ठेवता, सगळ्या सोसायट्यांनी मिळून सेटबॅक देऊन रस्ता नऊ मीटरचा करण्याची सोपी वाट असावी. त्या बदल्यात वाढीव क्षेत्रातला ठरावीक हिस्सा लहान घरांचा असावा, आणि प्रीमियमच्या पैशातून त्याच स्थानकाचा पूल आणि त्याच वाटेचा फुटपाथ बांधला जावा. रस्त्याची न्यायबुद्धी तशीच राहील, आणि तिला पायी चालणाऱ्याचं माप मिळेल.

हा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. पुढच्याची तयारी त्याच्या बरीच आधी सुरू होईल, मसुदा प्रसिद्ध होईल, कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या जातील. २०१५ ला लोकांनी चुका दाखवल्या आणि राज्याला मसुदा मागे घ्यावा लागला. पुढच्या वेळी चुकांबरोबर ही मागणीही लेखी जायला हवी. ज्या कमिट्यांनी हा तक्ता पाठ केला आहे, त्यांच्याकडे ते लिहिण्याइतकं ज्ञान आधीच आहे. सर्वसाधारण सभेत रीडेव्हलपमेंटच्या विषयाखाली आणखी एक ठराव घ्यावा : आमच्या इमारतीपासून स्टेशन इतक्या मिनिटांवर आहे, ते अंतर नियमात मोजलं जावं. अशा ठरावांच्या प्रती नगरविकास विभागाकडे हजारोंनी पोचल्या, तर पुढच्या तक्त्यात हा रकाना असेल.